परसातला लिंब उतरवताना

मे महिन्यात वळवाचा पहिला तडाखा बसला की नांदेडात आणि लातुरात झाडं उतरवणाऱ्यांना बोलावणी सुरू होतात. कुठे पत्र्यावर फांदी आलेली असते, कुठे बुंध्यानं कंपाउंडची भिंत फोडलेली असते, कुठे शेजाऱ्याच्या टाकीवर गुलमोहर ओणवलेला असतो. दोन मोटारसायकलींवर तीन-चार माणसं येतात. एकाच्या खांद्यावर नायलॉनच्या दोराचं वेटोळं, एकाच्या मांडीवर कटर, कमरेला कोयता. घरमालक भाव ठरवतो, लाकूड कोणाचं ते ठरवतो आणि आत कूलरसमोर जाऊन बसतो. त्यानंतर बाहेर जे घडतं ते मला आपल्या भागातल्या हातकामाचा फार वरच्या दर्जाचा नमुना वाटतं, आणि ते बघायला कोणी थांबत नाही याचं मनापासून वाईट वाटतं. सुताराचा दरवाजा मागे उरतो, गवंड्याची भिंत उरते; तिच्याकडे बोट दाखवून दाद देता येते. झाड उतरवणाऱ्याचं काम उत्तम झालं तर उरतं काय? न चेपलेला पत्रा, न तुटलेली तार आणि मोकळं आभाळ. म्हणून हे काम चालू असतानाच वाचावं लागतं.

नांदेडच्या एका जुन्या वस्तीतलं असं एक काम मी भिंतीपलीकडून सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. घरामागे जेमतेम पंधरा फुटांचं परस, त्यात चाळीस फूट उंचीचा लिंब. एका अंगाला न्हाणीघराचा पत्रा, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची भिंत, आणि घराकडे येणारी विजेची तार थेट झाडाच्या घेरातून गेलेली. डोक्याएवढ्या उंचीच्या थोडं वर खोडाचे दोन फाटे झालेले, आणि त्यांच्या बेचक्यात वर्षानुवर्षं पाणी मुरून घराकडचा फाटा मुळाशी कुजलेला. झाड आडवं पाडायला कुठल्याच बाजूला जागा नव्हती. ते वरून खाली, तुकड्या-तुकड्यानं, दोराला बांधून उतरवायचं होतं.

वर चढणारा माणूस पन्नाशीचा. त्यानं आल्या आल्या हत्याराला हात लावला नाही. झाडाभोवती सावकाश फिरला. आधी जमीन पाहिली. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा सगळीकडेच पडतात. पण झाड ज्या बाजूला कललेलं आहे त्याच्या उलट बाजूला, बुंध्याभोवती कमानीसारखी फाकलेली भेग दिसली तर अर्थ वेगळा होतो. तिथे मुळं माती घेऊन वर उचलायला लागलेली असतात. तशी भेग नव्हती. मग त्यानं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं खोड ठोकून पाहिलं, खालून वर, चहूबाजूंनी, आणि प्रत्येक ठोक्याला थांबून ऐकलं. भरीव लाकडाचा आवाज आखूड आणि कोरडा येतो, पोकळ लाकूड घुमतं. बुंध्याशी भूछत्र उगवलंय का ते वाकून पाहिलं, कारण बुरशीचं फळ बाहेर आलं म्हणजे आत ती फार आधीपासून जेवते आहे. शेवटी वर पाहिलं. लिंबाची पानगळ फाल्गुनात उरकते आणि चैत्रात नवी तांबूस पालवी येते. मे महिन्यात जी फांदी उघडी आहे ती मेलेली आहे. एवढं झाल्यावर तो म्हणाला, "मालक, हा फाटा गेला बगा. तो मातर चांगला हाय."

हे वाचन पुस्तकी शास्त्राच्या किती जवळचं आहे ते सांगायला हवं. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी हजारो झाडं चेनसॉनं उभी चिरून आतली कूज कशी पसरते ते पाहिलं. त्यांनी दाखवून दिलं की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि त्याच्या बाहेर नवं लाकूड वाढवतं. म्हणून पोकळ झाड म्हणजे पडणारं झाड असं नसतं. जर्मनीच्या क्लाउस मॅथेक यांचा ठोकताळा असा, की पोकळीभोवती खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीची सकस भिंत उरली असेल तर खोड बराच वारा सोसतं. आमच्या लिंबाच्या कुजलेल्या फाट्यात तेवढी भिंत उरली नव्हती. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं ते दोन मिनिटांत सांगितलं.

आता कामाचा गाभा. जाणकाराची नजर कुठे लागली पाहिजे, तर सगळ्यात शेवटी तोडायची फांदी तो कोणती ठरवतो याच्याकडे. ती निवड पहिला घाव घालण्याआधीच झालेली असते. इथे कुजलेला फाटा आधी उतरवायचा, पण त्याचं वजन पेलायला काहीतरी पक्कं हवं. ते होतं शेजारचा धडधाकट फाटा आणि त्याचं उंचावरचं बेचकं. दोर त्या बेचक्यातून ओवला की ते झाडच स्वतःचं वजन खाली सोडायला मदत करतं. हे ज्याला कळत नाही तो हाताशी येईल ती फांदी तोडत वर जातो, आणि वर गेल्यावर त्याला दिसतं की जिच्यावर दोर टाकायचा ती फांदी आपण अर्ध्या तासापूर्वीच खाली पाडली. या माणसानं खालच्या बारीक डहाळ्या उतरवल्या, पाय ठेवायला मुद्दाम चार-चार बोटांचे खुंट राखले, स्वतःला खोडाशी बांधून घेतलं आणि ते बेचकं अखेरपर्यंत अस्पर्श ठेवलं.

मग दोर कुठे बांधायचा हा प्रश्न. फांदी बुडाशी बांधली तर तुटल्यावर शेंडा आधी खाली येतो. शेंड्याकडे बांधली तर बूड खाली येतं आणि शेंडा वर राहतो. मधोमध, तोल साधेल तिथे बांधली तर फांदी आडवी, सपाट तरंगत उतरते. पत्र्याकडच्या तीन फांद्या त्यानं तिन्ही वेगळ्या ठिकाणी बांधल्या. पहिलीखाली मोकळी जमीन होती, ती बुडाशी. दुसरीच्या शेंड्याखाली विजेची तार होती, म्हणून ती शेंड्याकडे. तिसरी पूर्ण पत्र्यावर आडवी पसरलेली, ती मध्यावर, सरकफास घालून, दोनदा सोडून पुन्हा बांधत तोल सापडेपर्यंत. ही तिसरी गाठ बांधायला जितका वेळ लागला तितका कापायला लागला नाही. खाली उभे असलेले घरमालक वैतागले होते. मला तो वेळ या सगळ्या कामातला सगळ्यात सुंदर वेळ वाटला.

कापाची रीतही बघावी. फांदीला आधी खालून थोडा काप दिला, मग त्याच्या जरा पुढे वरून. खालचा काप नसेल तर फांदी अर्धी तुटून लोंबते आणि जाताना खोडाची साल हातभर सोलून नेते. कापणारा त्याच सालीला पाय लावून उभा असतो, तेव्हा प्रश्न नुसत्या देखणेपणाचा नाही. वरचा काप बराच खोल गेल्यावर त्यानं कटर बंद केलं. एकदम शांतता झाली. फांदी बोटभर लाकडावर उभी होती, आणि त्या लाकडाचा चर्र चर्र आवाज भिंतीपलीकडे मला ऐकू येत होता. खालच्या माणसानं दोराचा ढिलेपणा ओढून घेतला, "हां" म्हणाला, आणि मग वरून कोयत्याचे दोन घाव. अशी ही फांदी पत्र्यावरून हातभर अंतरानं सरकत परसाच्या मधोमध येऊन टेकली. पत्र्याला तिचा पाला घासल्याचा तेवढा आवाज झाला.

हे श्रेय जितकं वरच्याचं तितकंच खालच्याचं. त्यानं दोराचं दुसरं टोक हातानं धरलेलं नसतं. ते बुंध्याला वेढे देऊन धरलेलं असतं. दोर आणि साल यांतलं घर्षण मध्यम धरलं तर एका पूर्ण वेढ्यानं हातावरचा ताण साडेसहापट कमी होतो, दोन वेढ्यांनी चाळीसपटीहून जास्त. दोन फूट व्यासाचा, तीन फूट लांबीचा ओला ओंडका अडीचशे किलोच्या घरात जातो. दोन वेढ्यांवर तो सहाएक किलोंसारखा हातात येतो. पण हिशोब इथे संपत नाही. वेढे जास्त झाले तर दोर अडकतो, वजन एकदम थांबतं आणि झटका बसतो. तो झटका वजनाच्या कितीतरी पट असतो आणि वरचं बेचकं तोडू शकतो. म्हणून चांगला खालचा माणूस फांदी थांबवत नाही. आधी थोडी धावू देतो, मग हळूहळू आवळतो. हा पंचविशीचा मुलगा होता आणि त्याचे डोळे सतत वर होते, दोराकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. विहिरीवर मोट हाकणाऱ्या माणसाला नाडा हातात आला की पाणी किती भरलंय ते कळायचं, तसं त्याला ते वजन तळहातात कळत होतं.

शेवटी उरला बारा फुटांचा बुंधा. तो एकसंध पाडायला परसात तेवढी लांबी होती, आणि इथे पाडायच्या दिशेचं कसब लागतं. जिकडे पाडायचा तिकडे खोडाच्या पाव भागापर्यंत तिरकी खाच, मग पाठीमागून, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, आडवा काप. हे दोन काप एकमेकांना भेटू द्यायचे नाहीत. मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी लाकडाची पट्टी राखायची. तीच बिजागरी. झाड तिच्यावर वळून पडतं आणि ती शेवटच्या क्षणापर्यंत त्याला दिशा देते. पट्टी एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ राहिली तर बुंधा जाड अंगाकडे ओढला जातो. त्यानं आधी उतरवलेल्या पाल्याची गादी अंथरली होती. बुंधा तिच्यावर पडला. मी नंतर जाऊन खुंट पाहिला. बिजागरीची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जाडीची होती.

दोषही सांगतो, कारण कौतुक करायचं तर पूर्ण करावं. डोक्याला काही नव्हतं, पायात स्लीपर. कटर दोनदा एका हातानं चालवलं. खालच्या पोराच्या डोक्यावरून एक फांदी गेली. आणि विजेचा पुरवठा कोणी बंद करवून घेतला नव्हता. ओल्या लाकडातून वीज वाहते हे सगळ्यांना माहीत असून. इतकं अव्वल कसब इतक्या उघड्या धोक्यावर उभं आहे याचा मला राग येतो, आणि तो राग त्या माणसांवर नाही. भाव ठरवताना आपण तासाचा आणि लाकडाचा विचार करतो, हेल्मेटचा नाही.

प्रत्येक झाडाचा स्वभाव वेगळा, आणि हाताला तो माहीत असावा लागतो. गुलमोहर ठिसूळ, त्याच्या फांदीवर भरवसा ठेवून दोर टाकू नये. चिंच चिवट, साखळी बोथट करते, तुटता तुटता ताठ होऊन उसळते. पिंपळ आणि वड मऊ, पण त्यांच्या तंतूंना लटकून फांदी अर्धी राहते. निलगिरी सरळ आणि उंच, वरचं वजन फसवं. वाळलेलं झाड मात्र सगळ्यात वाईट, कुठल्याही जातीचं असो. ओलं लाकूड तुटण्याआधी बोलतं, वाळलेलं काडकन जातं. म्हणून परवानगीच्या कटकटीपासून सुटण्यासाठी बुंध्यात काहीबाही घालून किंवा साल काढून झाड आधी मारायचं आणि मग 'वाळलंय' म्हणून तोडायचं, ही जी चाल आहे ती दुहेरी पापाची आहे. झाड तर जातंच, शिवाय वर चढणाऱ्याच्या पायाखालचा आधार आपण स्वतः कुजवलेला असतो.

चढण्याआधी त्या माणसानं बुंध्याला हात लावून तो कपाळाला लावला होता, आणि घरातल्या आजींनी हळद-कुंकू वाहून नारळ फोडला होता. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या 'बृहत्संहिते'त मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात कसं जावं यावर एक अध्याय आहे. झाडाची रात्री पूजा करावी, त्यावर राहणाऱ्यांना दुसरीकडे जाण्याची विनंती करावी, सकाळी कुऱ्हाडीच्या पात्याला मध आणि तूप लावून घाव घालावा, आणि झाड कुठल्या दिशेला पडतं त्यावरून शुभाशुभ ठरवावं, असं त्यात आहे. झाडावर राहणाऱ्यांना आधी सांगा, ही अट मला आजही पूर्ण लागू वाटते. त्या दिवशी वरच्या माणसानं पहिली फेरी घरट्यांसाठीच मारली. कावळ्याचं एक जुनं, रिकामं घरटं होतं. पिल्लं असती तर चांगला माणूस पावसाळ्यानंतर या म्हणून परत जातो. आग्या मोहोळ असतं तर तो दिवसच रद्द.

कायद्याचं थोडक्यात. शहरात १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. आपल्या अंगणातलं, आपण लावलेलं झाड असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि तोडणं यात जाळणं आणि इजा करणंही येतं. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची जबाबदारी घातली. गावाकडे १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. त्याच्या यादीतली चिंच, आंबा, साग, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या शेतातसुद्धा विचारल्याशिवाय तोडता येत नाहीत. या तरतुदी मला जाचक वाटत नाहीत. अर्ज केल्यावर कोणीतरी येऊन झाड बघतं, आणि निर्णय उतावळ्या घरमालकाच्या एकट्याच्या हातात राहत नाही, हे बरंच आहे.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मात्र कुठल्याही अर्जात विचारली जात नाही. नांदेड-लातूरची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. मोठं झाड वर्षानुवर्षं त्या मातीतलं पाणी ओढत असतं आणि शेजारचा पाया त्या कोरडेपणाशी जुळवून घेऊन बसलेला असतो. झाड एकदम काढलं की पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत ती माती पुन्हा पाणी धरते, फुगते आणि पाया वर उचलते. झाड घराहून जुनं असेल तर हा धोका जास्त. भिंतीला भेग झाडामुळे पडली म्हणून झाड काढलं आणि नंतर भेगा वाढल्या, असं होऊ शकतं. जेसीबी लावून खुंट उपटून काढणं तर अशा मातीत आणखी वाईट. पायाजवळ खड्डा राहतो आणि पहिल्या पावसाचं पाणी थेट त्यात उतरतं.

त्याच परसाच्या दारात एक चिंच होती. घरमालकांना तीही नको होती. कचरा होतो म्हणाले. वर चढणारा माणूस घाम पुसत चिंचेखाली उभा राहिला, वर पाहिलं आणि म्हणाला, "ही कामून पाडता मालक? ही काय पडत नसती. वझं हलकं करून देतो." आणि त्यानं ते करूनही दाखवलं. शेंडा बोडका केला नाही. झाड बोडकं केलं की कापल्या जागेवरून झुपक्यानं फूट येते. ती वरवरच्या लाकडाला चिकटलेली असते आणि काही वर्षांत मोठी होऊन वाऱ्यात निखळते. म्हणजे दर पावसाळ्याआधी आपण ज्या सुरक्षिततेसाठी झाडं छाटतो, तीच आपण त्या छाटणीनं घालवतो. त्यानं घराकडच्या दोन लांब फांद्या फाट्यापाशी, जिथे फांदीच्या बुडाशी सालीची वळी असते, ती वळी राखून कापल्या. शायगोंनी नेमकी हीच जागा सांगितली आहे. या माणसानं त्यांचं नाव ऐकलेलं असणं शक्य नाही. चिंच न पाडल्यामुळे त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी आणि एक टेम्पो लाकूड गेलं. लिंब उतरवतानाचं त्याचं सारं कसब मी पाहिलं होतं. तरी माझ्या मते त्या दिवसाचं त्याचं सगळ्यात मोठं काम हे होतं.

लातूर हा राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. नांदेडला किनवट-माहूरकडे सागाचं रान तरी आहे, लातूरला तेही नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा गावात अंगणातलं मोठं झाड म्हणजे कोणीतरी अनेक उन्हाळे भांड्याधुण्याचं पाणी घालून जगवलेलं झाड असतं. ते काढायची वेळ येऊ शकते. आमच्या शेजारच्या लिंबाची आली होती. पण ती वेळ खरोखर आली आहे का, हे सांगणारा माणूस आणि ते कापणारा माणूस आपल्याकडे एकच असतो, आणि त्याला पैसे मात्र फक्त कापण्याचे मिळतात.

तेव्हा यंदा वळवाआधी झाडाला माणूस बोलवाल तर अर्ज आधी द्या आणि परवानगी हातात आल्यावरच तारीख ठरवा. महावितरणला कळवून तेवढ्या वेळापुरती तार बंद करून घ्या. हेल्मेट आणि कमरपट्टा स्वतःच्या पैशानं आणून त्याच्या हातात ठेवा. गाठ बांधायला वेळ लागला तर घाई करू नका. आणि झाड पाहून तो "राहू द्या" म्हणाला, तर त्या सांगण्याचे पैसे देऊनच त्याला परत पाठवा.